सिस्टरच्या गाडीचा कॅम

आमच्या गल्लीत गॅरेजं तीन होती, पण मिस्त्री एकच. "मिस्त्रीकडे ने" म्हटलं की कोणत्या, असं कोणी विचारत नसे. माझं कुशनचं दुकान त्याच्या गॅरेजला चिकटून. गाड्यांच्या सीटा शिवायच्या, दारांची पॅडं, छताचं कापड बदलायचं, हा माझा धंदा. मधली भिंत अर्ध्या विटेची. त्याच्याकडे पाना पडला की माझ्या मशीनची सुई थरथरायची. अशी एकतीस वर्षं आम्ही काढली. तो मला 'कुशन' म्हणायचा. माझं खरं नाव त्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

तो एकाच जातीच्या गाड्या करायचा. जुन्या, गोल पाठीच्या, मागे इंजिन असलेल्या, पाण्याऐवजी वाऱ्यावर थंड होणाऱ्या. बाकीच्या गाड्यांना हात लावत नसे. कोणी नवी गाडी आणलीच तर म्हणायचा, "हिला नळाला लावा. मी प्लंबर नाही." अशा स्वभावाचा माणूस धंद्यात बुडायला हवा होता, पण ज्यांच्याकडे असल्या गाड्या होत्या ते चारशे मैलांवरूनही त्याच्याकडे यायचे. डोंगरावरच्या शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांची इंजिनं तो बांधायचा. ती इंजिनं पहिल्यांदा चालू झाली की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलायचा आणि आवाज थांबेपर्यंत तसाच उभा राहायचा.

त्याची बायको परिचारिका होती. गावाबाहेरच्या वस्त्यांवर जाऊन बाळंतपणं करायची, म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायची. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, आणि मिस्त्रीही सिस्टरच म्हणायचा. बायकोला सिस्टर म्हणणारा नवरा जगाच्या पाठीवर हा एकटाच असेल. मी त्यावरून त्याला छेडलं तर म्हणाला, "ओळख झाली तेव्हा तेच नाव सांगितलं तिने. मी कशाला बदलू?"

ती ओळखही गॅरेजातलीच. सिस्टरची जुनी गाडी रस्त्यात बंद पडली, ढकलत आणली. हातात पेटी, दारात उभी राहून म्हणाली, "तासाभरात एक बाळ यायचंय. ते थांबणार नाही. तुझं काय ते सांग." त्याने चाळीस मिनिटांत गाडी चालू केली आणि पुन्हा बंद पडू नये म्हणून स्वतः शेजारी बसून गेला. ती आत बाळंतपण करत होती तोवर हा बाहेर गाडीचे प्लग साफ करत बसला. परत येताना तिने लग्नाचं विचारलं. तिनेच. ही गोष्ट ती कोणालाही सांगायची, अगदी इंजेक्शन देता देता.

तीच गाडी तिने पुढे सदतीस वर्षं चालवली. तिचं इंजिन मिस्त्रीने चारदा उघडून बांधलं, आणि चारही वेळा आत साधा, कंपनीचा, मवाळ कॅम बसवला. यावरून त्यांची कायमची कुरबुर.

"लोकांना वाघ बांधून देतोस आणि मला शेळी," ती म्हणायची.

"शेळी रोज दूध देते," तो म्हणायचा. "वाघ पाळून बघ."

कॅम म्हणजे काय हे मला त्यानेच शिकवलं. इंजिनाच्या पोटात एक दांडा फिरतो, त्याच्यावर नाकासारखे उंचवटे असतात. नाक फिरत वर आलं की टॅपेट नावाची एक लहानशी लोखंडी टोपी उचलली जाते, ती पुढच्या दांडीला ढकलते, आणि व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन केव्हा तोंड उघडणार, किती मोठं आणि किती वेळ, हे सगळं त्या नाकाच्या घडणीवर. नाक बेताचं असलं तर गाडी शहाणी. सिग्नलला शांत, चढावर दुसऱ्या गिअरात गुमान चढते. नाक मोठं असलं की खालच्या रेसला नुसती थरथर, ओढ नाही, आणि वर गेली की धरवत नाही. "दोन्ही एका कॅममध्ये मिळत नाही," तो सांगायचा. "मिळतं असं जो म्हणतो तो विकायला बसलेला असतो."

आणि हेही की कॅम एकदाच निवडायचा असतो. बाकी काही चुकलं तर बाहेरून बदलता येतं. कॅम मात्र दोन फाकांच्या कवचात मध्ये बसतो. फाका जुळल्या, बोल्ट आवळले, की तो आत. बदलायचा तर इंजिन उतरवा, शेवटच्या नटापर्यंत सोडा, फाका वेगळ्या करा. म्हणून कुठल्याही इंजिनाचं काम घेतलं की तो आधी कॅम ठरवायचा. पण ठरवायला त्याला दोन-तीन दिवस पुरायचे. सिस्टरच्या इंजिनाला सात महिने लागले.

त्या वर्षी सिस्टर साठीची होती. निवृत्त झालेली, तरी दवाखान्यात अर्धा दिवस जायची. एका सकाळी ती माझ्या दुकानात आली, फोमच्या गठ्ठ्यावर बसली आणि म्हणाली, "कुशन, क्लच दाबला जात नाहीये."

"मिस्त्रीला सांगा. वायर अडकली असेल."

"वायर बरी आहे. पाय दाबत नाहीये."

महिनाभर ती तपासण्या करत फिरली. मग पुन्हा त्याच गठ्ठ्यावर येऊन बसली. मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोपच पोचेनासा होतो, असा तो आजार. आधी पाय, मग हात, मग जीभ, मग छाती. औषध नाही.

"डॉक्टर म्हणतात दोन वर्षं. कदाचित तीन," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. "मी असे दोन रोगी शेवटपर्यंत पाहिलेत. मला ते 'कदाचित' नको."

"मिस्त्री काय म्हणाला?"

"काही नाही. ताटातलं संपवलं आणि खाली गेला."

चौथ्या दिवशी मिस्त्रीने तिच्या गाडीचं इंजिन उतरवलं. त्यात काही बिघाड नव्हता. मी त्याच्या दारातून डोकावलो तर म्हणाला, "सिस्टरला एक इंजिन बांधून देतो. आजवर बांधलं नाही असं."

मी काय बोलणार? ज्या बाईला क्लच दाबता येत नाही तिला इंजिन. पण माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात मी दुकानातली सगळी मशीनं उघडून तेल घातलं होतं, तेव्हा मी कोणाला शहाणपण शिकवणार.

त्याने तीन कॅम आणले. दोन त्याच्याकडे होते, तिसरा एका म्हाताऱ्या घिसाईवाल्याकडून खास घासून घेतला. त्यांवर पंचाने खुणा केल्या, एक टिंब, दोन टिंबं, तीन टिंबं. एक टिंबवाला म्हणजे शेळी. तीन टिंबंवाला वाघ. दोनवाला अधलामधला. जुन्या टॉवेलवर ते तिन्ही ओळीने ठेवलेले असायचे आणि मिस्त्री त्यांच्यासमोर स्टुलावर.

सकाळी यायचा, एक कॅम उचलायचा, दोन टेकूंवर ठेवून हळूहळू फिरवायचा, घड्याळासारख्या मापकाचा काटा किती हलतो ते वहीत लिहायचा. मग दुसरा. दुपारपर्यंत ठरलेलं असायचं. "दोन टिंबं, कुशन. तिला चढही हवा आणि मजाही हवी." दुसऱ्या दिवशी वहीचं पान फाडलेलं. "दोन टिंबं म्हणजे ना धड हे ना धड ते. एक टिंबवालाच बरा. स्लोला थरथर झाली तर तिला त्रास होईल." तिसऱ्या दिवशी, "सदतीस वर्षं शेळीच दिली मी तिला. आता तरी..." आणि पुढचं वाक्य नाहीच.

दुसऱ्या महिन्यात सिस्टर काठी घेऊन चालू लागली. चौथ्या महिन्यात चौपायी वॉकर. त्यांचं घर गॅरेजच्या वर, लोखंडी जिन्याच्या एकोणीस पायऱ्या चढून. पाचव्या महिन्यापासून ती खाली उतरेनाशी झाली. डाव्या हाताची बोटं आत वळायला लागली होती. सकाळी एक बाई येऊन तिला अंघोळ घालायची, दुपारी माझी बायको जेवण द्यायची. मिस्त्री दिवसभर खाली. वर जायचा ते जेवायला आणि झोपायला. जेवताना तिला तो कॅमच्या गोष्टी सांगायचा, असं माझी बायको म्हणायची. "ती ऐकते, आणि मध्येच 'बरं' म्हणते. आजारी माणसाची समजूत काढतात ना, तसं इथे उलटंच चाललंय."

त्याची लेक दूर नोकरी करायची. महिन्यातून एकदा यायची. सातव्या महिन्यात आली ती लांब सुट्टी घेऊन. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून तिचा आवाज चढलेला ऐकू आला. मी मशीन थांबवलं. ऐकू नये म्हणून चालू ठेवायला हवं होतं, पण थांबवलं.

"बाबा, सात महिने झाले. आई वर खिडकीत बसून असते. तुम्ही इथे लोखंडाशी बोलता."

"कॅम ठरला की बाकी महिन्याभरात उरकतं."

"मग ठरवा ना! डोळे मिटून उचला एक!"

"चुकीचा बसला तर सगळं उघडावं लागतं."

"तिला गाडी नकोय, बाबा. तिला तुम्ही हवे आहात. उद्या ती बोलेनाशी होईल, मग बसणार आहात तिच्यापाशी?"

 मग मिस्त्रीचा आवाज आला, इतका खालचा की मला भिंतीला कान लावावा लागला.

"वर गेलो की ती माझ्याकडे बघते. मला काय करायचं ते सुचत नाही. इथे निदान काय करायचं ते माहीत असतं."

लेक रडत जिना चढली, एवढं मी ऐकलं. तिने आईला काय सांगितलं ते ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने मला वर बोलावलं आणि फर्मान सोडलं, "मला खाली न्या. खुर्चीसकट."

मिस्त्री, मी आणि लेक. एकोणीस पायऱ्या. ती वजनाला काहीच उरली नव्हती, तरी आम्ही पायरीपायरीला थांबत होतो. वाटेत म्हणाली, "पाडू नका रे, नाहीतर आजार बिचारा तोंडघशी पडेल." कोणी हसलं नाही. तिला वाईट वाटलं असावं, कारण विनोद बरा होता.

तिला बाकासमोर ठेवलं. तिने तिन्ही कॅमवरून उजव्या हाताचा अंगठा फिरवला. प्रत्येक नाकावर थांबत, पोटावरून बाळ चाचपावं तसा.

"कॅम निवडायला तुला सात महिने," ती म्हणाली. "मला तू निवडायला एक दुपार पुरली होती."

मिस्त्रीने तिची खुर्ची बाकाच्या आणखी जवळ सरकवली.

"हा वाघ ना?" तिचा अंगठा तीन टिंबांवर होता.

"हो. पण सिस्टर, तो खाली ओढत नाही. सिग्नलला बंद पडेल. त्याला व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही कडक लागतात..."

"मी कुठे सिग्नलला थांबणार आहे आता?" ती म्हणाली. "हाच बसव."

तेवढ्यावर सात महिन्यांचा निकाल लागला.

मग मिस्त्रीने चोवीस दिवसांत इंजिन बांधलं. मी त्याला एवढ्या वेगाने काम करताना कधी पाहिलं नव्हतं. कॅमच्या नाकांना काळं वंगण लावून तो एका फाकेत झोपवला, वर दुसरी फाक बसवली, बोल्ट ठरलेल्या क्रमाने आवळले. मी ड्रायव्हरची सीट नव्याने शिवली. दोन्ही बाजूंना उंच फोम दिला, छातीवरून पट्टा घेतला, म्हणजे ती कलंडणार नाही. इंजिन पहिल्यांदा तिनेच चालू करायचं, आणि नंतर लेक गाडी चालवणार, सिस्टर शेजारी बसून डोंगराच्या रस्त्याने जायची, असं ठरलं होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नवा कॅम पहिल्या वीस मिनिटांत एकतर जगतो नाहीतर मरतो. त्या वीस मिनिटांत कॅमचं नाक आणि टॅपेटचं तोंड एकमेकांवर घासून एकमेकांना ओळखतात. त्यांना तेल मिळतं ते इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, क्रँकच्या, गरगर फिरण्यातून उडालेल्या शिंतोड्यांवर. रेस खाली आली की शिंतोडे कमी, आणि कोरडं लोखंड लोखंडाला खातं. म्हणून वीस मिनिटं इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर धरायचं. एकदाही स्लोवर येऊ द्यायचं नाही. मोठ्या नाकाचा कॅम असेल, कडक स्प्रिंगा असतील, तर धोका जास्तच. तेव्हा शहाणा मिस्त्री आधी मऊ स्प्रिंगा लावून ती वीस मिनिटं काढतो, मग कडक बसवतो. दोन दिवसांचं जादा काम.

आमचा मिस्त्री शहाणाच होता. शुक्रवारी तो तिला म्हणाला, "दोन दिवस थांब. मऊ स्प्रिंगा घालून आधी मी चालवून घेतो."

सिस्टर म्हणाली, "सोमवारपासून उजवी बोटं हलत नाहीत. पायाची. पोटरी अजून आहे. परवा असेल की नाही, सांगता येत नाही. आज करू."

त्याने तिच्या पायाकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाला.

सकाळचे अकरा वाजले होते. आम्ही तिला सीटवर बसवलं, पट्टा बांधला, उजवं पाऊल अॅक्सिलरेटरवर ठेवलं. लेक शेजारी. डॅशबोर्डवर मिस्त्रीने रेस दाखवणारा मीटर टांगला होता. मागचं झाकण त्याने काढूनच टाकलं होतं, म्हणजे मागच्या काचेतून त्याला आरशातली सिस्टर दिसायची. तो इंजिनाशी उकिडवा बसला, हात कार्ब्युरेटरच्या, रेस वाढवणाऱ्या लिव्हरपाशी. मी भिंतीवरच्या घड्याळाखाली, मिनिटं मोजायला.

चावी फिरली आणि इंजिन पहिल्याच फेरीत पेटलं. असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. समोरच्या न्हाव्याचा वस्तरा थांबला असणार, मी बघितलं नाही. सिस्टरचं तोंड उघडं होतं, डोळे मोठे. ती काहीतरी ओरडत होती, ते ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळलं, "वाघ! वाघ!"

पाच मिनिटं. सहा. सात. काटा बावीसशेवर स्थिर.

आठव्या मिनिटाला रेस पडली. एकदम, पायरी चुकल्यासारखी. इंजिन धडधडत स्लोवर आलं, बंद पडतं की काय असं झालं, आणि परत वर गेलं. लेकीने आईचा गुडघा दाबला असावा. दहाव्या मिनिटाला पुन्हा. मग बाराव्याला, आणि यावेळी बराच वेळ. मी मिस्त्रीकडे बघितलं. त्याचा हात लिव्हरच्या बोटभर अंतरावर होता. नुसतं बोट टेकवलं असतं तरी पुरे होतं. तो आरशात बघत होता. सिस्टर खालचा ओठ दातांत धरून पाय परत जागेवर आणायला धडपडत होती, मांडीने ढकलत.

त्याने हात लावला नाही.

मी ओरडलो, "मिस्त्री, लिव्हर!"

त्याने मान हलवली. नाही.

वीस मिनिटांनी चावी बंद केली. सिस्टर घामाने भिजली होती. "किती वेळा घसरला?" तिने विचारलं. "एकदाच," मिस्त्री म्हणाला. "त्याने काही होत नाही. झकास झालं."

संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. त्याने व्हॉल्व्हची झाकणं उघडली होती. गेजची पाती घालून फट मोजत होता. एका नाकावर दोन टॅपेट चालतात. त्यांतल्या एका नाकावरच्या दोन्हींची फट वाढलेली, म्हणजे नाक झिजलेलं. मग तेल काढलं. एका पसरट भांड्यात ते खिडकीच्या उजेडात धरलं. तेलात चांदीचा चुरा पडावा तशी चमक.

"गेलं," तो म्हणाला.

"का नाही रे लावलास हात?"

"लिव्हर ओढली की वायर सैल पडते. पायाखालचं पेडल मऊ होतं." तो भांड्याकडेच बघत होता. "तिला कळलं असतं की तिच्या पायाने काही चाललं नाहीये."

"मग आता?"

"मग काय. उघडायला हवं." पण त्याने उघडलं नाही. भांड्यावर फडकं टाकलं, हात धुतले आणि वर गेला. त्या दिवसापासून तो गॅरेजात बसेनासा झाला. आलेल्या गिऱ्हाइकांना मी परत पाठवायचो. तो दिवसभर वर, सिस्टरच्या खुर्चीपाशी. तिला भरवायचा, तिची बोटं एकेक करून सरळ करायचा, वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. लेकीला जे हवं होतं ते झालं.

डोंगराच्या रस्त्याचं मात्र तो पुढे ढकलत राहिला. आधी तेल बदलायचं होतं. मग टायर यायचे होते. मग रस्ता खराब होता. लेक सुट्टी संपवून परत गेली तेव्हा गाडी जागेवरच होती, आणि मिस्त्रीला कारणं शोधण्याचा सराव झाला होता.

एके दिवशी तो औषधं आणायला गेला असताना सिस्टरपाशी मी बसलो होतो. तिची जीभ तोवर जड झाली होती. एकेक शब्द दगड उचलावा तसा यायचा, दोनदा विचारावं लागायचं. म्हणाली, "टिकटिक होती."

"कशात?"

"इंजिनात. शेवटची पाच मिनिटं. मी सदतीस वर्षं ती गाडी चालवलीय. तो समजतो मला कळत नाही."

मी तिच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

"आयुष्यात कोणाचं चुकीचं काम त्याने चालवून घेतलं नाही," ती म्हणाली. मध्ये थांबली, लाळ पुसून घेतली. "माझ्यावर सुद्धा ओरडायचा. क्लचवर पाय ठेवून चालवते म्हणून. त्या दिवशी ओरडला नाही. इंजिन मरत होतं आणि नुसता बघत राहिला. तेव्हा मला कळलं, कुशन. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नाही. तेव्हा कळलं."

मी तिचा हात धरला. तो हात काही धरत नव्हता.

"सांगू नकोस त्याला," ती म्हणाली. ते मला समजलेलं तिचं शेवटचं पूर्ण वाक्य. पुढच्या महिन्यात तिचे शब्द गेले, मग मानही सावरेना. मिस्त्री तिच्यासमोर बसून बोलायचा आणि ती पापण्या मिटायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. त्याला तिच्याशी बोलायचं सुचायला लागलं होतं, आणि तिला उत्तर द्यायला पापण्या तेवढ्या उरल्या होत्या. चार महिने असे गेले. मग एका सकाळी, तो तिला पाणी पाजत असताना, ती गेली.

दीडेक महिन्याने भिंतीपलीकडे पान्यांचा आवाज आला. मला बरं वाटलं. वाटलं, हात कामाला लागले, माणूस सावरतोय. जाऊन बघतो तर सिस्टरच्या गाडीचं इंजिन उतरवलेलं, सोडलेलं, दोन्ही फाका वेगळ्या करून ठेवलेल्या. तो स्टुलावर बसून कॅम बघत होता. चारांपैकी तीन नाकं आरशासारखी लखलखीत. चौथं गोल झालं होतं, चोखलेल्या गोळीसारखं.

"बदलतोस ना?" मी विचारलं. "दोनवाला आहेच की तुझ्याकडे."

तो त्या चौथ्या नाकावरून बोट फिरवत राहिला. मग एकदम विचारलं, "तुझ्याशी बोलायची ती. तिला कळलं होतं का रे?"

माझ्याकडे विचार करायला वेळ नव्हता. उशीर झाला असता तर तेच उत्तर ठरलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "तिला वाटलं झकास झालं."

त्याने माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत त्याच्यासमोर कोणाचं खोटं टिकलेलं मी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक "गाडी फार पळवली नाही" म्हणालं की तो नुसता जळका प्लग काढून त्याच्या हातात द्यायचा. पण त्या दिवशी त्याने काही तपासलं नाही. "बरं झालं," म्हणाला, आणि कॅम फाकेत होता तसा ठेवून दिला.

इंजिन त्याने पुन्हा बांधलं नाही. लेकीने त्याला न्यायचं ठरवलं तेव्हा त्याने हूं की चूं केलं नाही. जायच्या दिवशी मी त्याची हत्यारं खोक्यांत भरायला गेलो तर म्हणाला, "राहू दे, तिथे काय करायचीत?" एक छोटी बॅग घेऊन निघाला. गाडी, सुटं इंजिन, हत्यारं, सगळं डोंगराच्या शर्यतीवाल्यांपैकी एकाने येऊन उचलून नेलं. गॅरेजात आता पाण्याच्या बाटल्यांचं गोदाम आहे. दिवसभर खोकी चढतात-उतरतात. माझी सुई हलते, पण आता मी बघत नाही.

लेकीचा अधूनमधून फोन येतो. बाबा जेवतात, झोपतात, तब्येतीला काही नाही, असं सांगते. परवा तिचा आवाज वेगळा होता. म्हणाली, तिची गाडी सकाळी चालू होत नव्हती. बॉनेट उघडून तिने बाबांना हाक मारली. मुद्दामच मारली, काका, म्हणाली, ओळखीचा मेकॅनिक शेजारीच आहे. पण वाटलं, निदान उठतील, वाकून बघतील, काहीतरी खेकसतील. ते गॅलरीतून खाली बघत होते.

"मग?" मी विचारलं.

"म्हणाले, गॅरेजला दे. आणि आत जाऊन बसले."